मोडीची माती

आमच्या कारखान्याच्या मागच्या पडवीत एक हौद आहे. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, गुडघाभर खोल. साच्यातून धड न सुटलेल्या, वाळताना तडकलेल्या, हातून निसटलेल्या शाडूच्या मूर्ती त्यात जातात. त्या मातीला आमच्या घरात ‘मोड’ म्हणतात. १९८३ साली लग्न होऊन मी जोह्यात आले आणि त्याच ज्येष्ठात माझ्या हातून नऊ इंचांचा एक गणपती पडला. रंग लागायचा होता, पण सोंड बसवून, ओल्या ब्रशने अंग गुळगुळीत करून झालेले होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सासरे उठले, तुकडे सुपात गोळा केले आणि म्हणाले, “माती हाय पोरी. तुटली तरी मातीच हाय. भिजव परत.”

मी सूप घेऊन हौदाकडे निघाले, तर त्यांनी थांबवले. आधी वाळू दे, म्हणाले. अर्धवट ओला तुकडा पाण्यात टाकला, तर वरून चिकट होतो आणि आतला गाभा तसाच घट्ट राहतो. खडखडीत वाळलेला तुकडा मात्र पाण्यात पडताच बुडबुडे सोडत फुटतो आणि तासाभरात त्याचा लगदा होतो. दुसरी गोष्ट त्यांनी दोन दिवसांनी शिकवली. हौदात वर आलेले गढूळ पाणी मी ओतून देत होते. त्यांनी हात धरला. मातीचा सगळ्यात बारीक, सगळ्यात चिकट अंश त्या गढूळ पाण्यातच तरंगत असतो. ते फेकले, तर खाली राहते ती नुसती भरड, आणि तिची मूर्ती वळत नाही. पाणी तसेच ठेवायचे, निवळू द्यायचे, मग वरचे नितळ तेवढे काढायचे. नव्या मातीच्या तीन घमेल्यांत असे एक घमेले मोड मिसळली, की ती माती सोंडेच्या वळणावर तडकत नाही. नुसत्या नव्या मातीची सोंड ते कधीच करत नसत.

जोह्याच्या मागच्या दिवसांबद्दल काही सांगायला बसले, की मला हा हौद आधी दिसतो. या गावात कुठलीही गोष्ट एकदाच उभी राहिलेली नाही.

जोहे हे पेण तालुक्यातले खाडीच्या अंगाचे गाव. हमरापूर, कळवे, दादर, रावे ही आमची शेजारगावे. आम्ही बहुतेक घरे आगरी. आगर म्हणजे मिठागर, आणि ज्यांनी ती पिकवली ते आगरी. जिल्ह्याचे नाव १९८१पर्यंत कुलाबा होते. त्या काळच्या कागदांत पेणची ओळख मीठ आणि भात यांची आहे. अंतोरे बंदरातून पडावांनी माल मुंबईला जायचा.

भात कसे पिकायचे, ते मात्र कागदावरून कळत नाही. आमच्या भागातली शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खाडी आणि शेत यांच्या मध्ये चिखलाचा बांध, आणि पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडण्यासाठी त्यात लाकडी दाराची उघाडी. हा बांध कुणा एकाचा नसायचा. ज्यांची शेते त्याच्या आत, त्या सगळ्यांनी मिळून तो राखायचा; त्या गटाला ‘जोळ’ म्हणत. घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे. आषाढातल्या उधाणाला बांध कुठेतरी दबायचा आणि खांड जायची. एकदा खारे पाणी आत शिरले, की जमिनीतले मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर राता नावाचे तांबडे भात लावायचे, ते थोडाफार खार सोसते. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ या जाती काढल्या, त्या याच दुखण्यावर.

खांड बांधायची रीत सासऱ्यांनी मला सांगितली होती. उधाण चालू असताना हात लावायचा नाही, कारण टाकलेला चिखल पाण्याबरोबर निघून जातो. अष्टमीच्या भांगाची वाट पाहायची, तेव्हा भरती कमी चढते. मग फुटलेल्या जागेतला सगळा सैल गाळ उपसून खालचा घट्ट थर लागेपर्यंत जायचे आणि तिथून नवा चिखल थापत वर यायचे, जुन्या बांधापेक्षा हातभर रुंद. वरवर बुजवलेली खांड पुढच्या उधाणाला पुन्हा फुटते. तळापासून बांधलेली फुटत नाही. फुटलाच तर बांध शेजारी, जुन्या जागी फुटतो. आमच्या बांधावर चालताना जिथे माथा रुंद लागतो, तिथे कधीतरी खांड गेली होती हे समजायचे. १९५३च्या फेब्रुवारीत हॉलंडमध्ये समुद्राने बांध फोडून अठराशेहून जास्त माणसे नेली आणि त्यानंतर त्या देशाने खाड्यांच्या तोंडांवरच मोठे बंधारे घातले, असे मी पेणच्या वाचनालयात वाचले. तेव्हा मला तो आमचा रुंद माथाच आठवला.

माझे माहेर अलिबागच्या खारेपाटातले. चरीच्या संपाच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या आहेत. १९३३ ते १९३९, सहा वर्षे कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला येऊन गेले. आजी सांगायची ते पोटाचे. जंगलातून लाकूडफाटा आणून विकायचा, खाडीत चिंबोऱ्या धरायच्या. त्या सहा वर्षांत बायका बाजारात बसायला शिकल्या, भाव करायला शिकल्या. संप मिटला तरी ते शिकलेले हातचे गेले नाही. सासरी आल्यावर कारखान्यात व्यापाऱ्याशी बोलणी करायला मी घाबरले नाही, ते आजीमुळे.

१९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला आणि १९७९ साली दुसरा. बांध हळूहळू सरकारी झाले. जोळ सुटला. बांध कुणाचा, हा प्रश्न पडायला लागला तेव्हापासून खांडी वाढल्या, असे माझे मत आहे, आणि मी ते कुणासमोरही सांगेन.

आमच्या घरात गणपती आला तो अशाच एका खांडीतून. सासरे विशीत असताना त्यांची अडीच एकर खाराखाली गेली. तीन वर्षे घरात पुरेसे भात नव्हते. ते पेणला चालत जाऊन एका मूर्तिकाराकडे माती मळायला लागले. पेणला तोवर या धंद्याची दोन-तीन पिढ्यांची परंपरा होती. लोकमान्य टिळकांनी १८९३-९४च्या सुमारास उत्सव चौकात आणला, मुंबई-पुण्याकडून मूर्तींची मागणी वाढत गेली, आणि पेणच्या देवधरांसारख्या घराण्यांनी साचा, रंग आणि आखणी यांत असा हात बसवला की ‘पेणचा गणपती’ हे नावच झाले. सासऱ्यांना तिथे पहिली चार वर्षे साच्याला हात लावायला मिळाला नाही. मळणे, चाळणे, पाणी भरणे. पण माती मळणाऱ्यालाच माती कळते. शेत खारातून सुटले तसे ते पावसाळ्यात घरी शेती करू लागले आणि उरलेले वर्ष पेणला. पुढे एक दिवस सात तुकड्यांचा प्लास्टरचा साचा स्वतः बनवून त्यांनी पडवीतच पाट मांडले. गावात असे आणखी काहीजण होते. पेणला मजुरी करून आलेल्या त्या माणसांच्या पडव्यांतून आमच्या आणि शेजारच्या गावांतले आजचे शेकडो कारखाने वाढले आहेत.

मग प्लास्टर आले. पीओपी. जिप्सम भाजून त्यातले पाणी उडवले की ही पूड होते. पाणी परत दिले की ती काही मिनिटांत दगडासारखी धरते. रबरी साच्यात ओतायचे, काथ्या घालायचा, अर्ध्या तासात मूर्ती बाहेर. शाडूची मूर्ती साच्यात हाताने थापावी लागते, जोड ओल्या मातीने सांधावे लागतात, सावलीत आठ-दहा दिवस वाळवावी लागते, उन्हात ठेवली की तडा. प्लास्टरने हे सगळे सोपे केले. मूर्ती हलकी, स्वस्त आणि प्रवासाला टणक झाली. आमच्याकडून कच्च्या मूर्ती गाड्या भरभरून जायला लागल्या, आणि गावात पक्की घरे उभी राहिली. हे मी नाकारणार नाही. माझ्या मुलीचे शिक्षण त्याच पैशांतून झाले. पण प्लास्टर एकदाच धरते. तुटले की त्याची मोड होत नाही. आमचा हौद त्या वर्षांत जवळजवळ कोरडा असायचा. त्यात रंगाचे डबे ठेवले होते.

२६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना आठवते. आमच्या जिल्ह्यात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि माणसे गेली. त्यांच्यापुढे आमचे नुकसान काहीच नाही, हे आधी सांगून मग सांगते. दुपारनंतर वरून पाऊस आणि खालून भरती, दोन्ही पाणी शेतातून चालत आले. कारखान्यात अकराशे मूर्ती होत्या. त्यातल्या चारेकशे शाडूच्या, आणि त्या जड म्हणून खालच्या फळ्यांवर. आम्ही रंगवून झालेल्या तेवढ्या वर चढवू लागलो. कमरेला पाणी आले तेव्हा नवऱ्याने मला हाताला धरून बाहेर काढले.

तिसऱ्या दिवशी आत गेलो. शाडूच्या मूर्ती बसल्या होत्या. म्हणजे खरोखर बसल्या, वितळून पाटावर ढीग झाले होते, त्यातून कुठे मुकुटाचे टोक, कुठे मोदकाचा हात. प्लास्टरच्या उभ्या होत्या, पण रंग उतरलेला, अंगात पाणी भरलेले, उचलताना मान सुटत होती. सासरे तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. ते दारातच बसले आणि दिवसभर काही बोलले नाहीत.

मला वाटत होते की शाडू तरी वाचली. भिजवायचीच माती, ती आपोआप भिजली. मी फावड्याने ती हौदात भरायला लागले. संध्याकाळी सासऱ्यांनी एक गोळा जिभेवर ठेवून पाहिला आणि थुंकला. खाडीचे पाणी होते ते. खाऱ्या पाण्याने भिजलेल्या मातीची मूर्ती वाळली की अंगावर मिठाचा पांढरा फुलोरा येतो आणि वर रंग धरत नाही. शेतासारखेच. त्या मातीला पावसाच्या पाण्याने तीनदा धुवावे लागले, दर वेळी निवळेपर्यंत थांबून. ती कामाला आली पुढच्या वर्षी.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. त्रेचाळीस दिवस. आमच्याकडे तीनशेच्या आसपास घरांचे पाट आलेले होते. आमच्या भागात गिऱ्हाईक आपला पाट मूर्तिकाराकडे आणून देते, त्यावर नाव लिहिलेले असते, आणि चतुर्थीला त्याच पाटावरून गणपती घरी जातो. पाट वाहून गेले नव्हते, पाण्यावर तरंगून छपराच्या आडव्याला अडकले होते. हायवेच्या बाजूला उंचावर ज्यांचा कारखाना होता, त्या शेजाऱ्यांनी आपली अर्धी शाडू आम्हाला दिली. त्यांच्याशी आमचे भाव पाडण्यावरून दोन वर्षे बोलणे नव्हते. भाताचे तूस घमेल्यात पेटवून, शंभराचे दिवे लावून आम्ही मूर्ती सुकवल्या. मोठ्या करायला वेळ नव्हता, कारण जितकी जाड माती तितकी ती उशिरा वाळते. दीड फुटाच्या पाटावर नऊ इंचांचा गणपती ठेवला आणि एकेका गिऱ्हाइकाला खरे ते सांगितले. दोनशे साठ घरांना मूर्ती गेली. दीड फुटाच्या पाटावर लहान मूर्ती घेऊन गेलेल्यांपैकी बऱ्याच घरांनी पुढच्या वर्षी पाट बदलून लहानच आणला.

त्या दिवाळीनंतर आम्ही जोते दोन हात वर उचलले. लोखंडी अँगलचा माळा घातला. जड माल खाली ठेवायची जुनी सवय मोडली. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे कॅलेंडर बदलले. कच्च्या मूर्तींपैकी निम्म्या वैशाखाआधी व्यापाऱ्याच्या घरी गेल्याच पाहिजेत, पावसाळ्यात आपल्याकडे फक्त आपल्या पाटांपुरता माल. नफा थोडा कमी, पण पाणी आले तर सगळे एका जागी नाही.

हे कामाला आले २०२० साली. त्या वर्षी एका पाठोपाठ एक आले. २५ मार्चला देश बंद. १२ मेला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पीओपीवर बंदीचे नियम, आणि दहा दिवसांत त्यांना वर्षभराची स्थगिती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि आमचे सिमेंटचे पत्रे कागदासारखे गेले. ११ जुलैला सरकारी परिपत्रक आले, सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरची दोन फूट. आमच्याजवळ दोन फुटांपेक्षा मोठे फार थोडे होते. ज्यांनी मंडळांसाठी सहा-आठ फुटी मूर्ती करून ठेवल्या होत्या, त्यांचे सगळे भांडवल उभ्याने अडकले.

त्यातला एक मुलगा माझ्या डोळ्यांपुढे वाढलेला. बाप वारल्यावर त्याने कर्ज काढून मोठी शेड बांधली होती. हाताने माझ्याहून चांगला; डोळ्यांची आखणी करताना श्वास धरायचा आणि एका झटक्यात पापणीची रेघ ओढायचा. २०२० नंतर तो उभा राहू शकला नाही. आता पनवेलजवळ एका गोदामात रात्रपाळी करतो. संकटाने माणूस घडतो असे कुणी भाषणात म्हणाले, की मला तो आठवतो. त्याला आमच्याहून कमी जिद्द नव्हती. त्याचे संकट वर्षाच्या शेवटी आले, सगळा माल तयार झाल्यावर, आणि कर्जाचा हप्ता थांबायला तयार नव्हता. चैत्रात तडकलेली मूर्ती हौदात जाऊन आषाढात पुन्हा उभी राहते. श्रावणात तडकलेल्या मूर्तीला हौद असून उपयोग नाही. आमच्याकडे २००५ साली त्रेचाळीस दिवस होते आणि अबोला सोडून माती देणारे शेजारी होते. तो पडला तेव्हा आम्ही सगळेच घरांत कोंडलेलो होतो, आणि त्याच्या दारात जाऊन उभे राहायला मला आठ महिने लागले. ते मला अजून लागते.

पुढचे अलीकडचे आहे, सगळ्यांना माहीत आहे. ३० जानेवारी २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीबंदी काटेकोरपणे पाळायला सांगितले. माघी गणपती दोन दिवसांवर होता. इकडे दिवाळीपासून ओतलेल्या मूर्ती शेडमध्ये भरलेल्या. चार महिने गाव हवालदिल होते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आला, आणि ९ जूनला न्यायालयाने मूर्ती घडवायला व विकायला वाट दिली. विसर्जनाचे नियम वेगळे राहिले. मी खाडीकाठची आहे. विसर्जनानंतरच्या ओहोटीला चिखलात रुतलेली प्लास्टरची धडे मी पाहिली आहेत, आणि ती पाहवत नाहीत. म्हणून मला शाडूच हवी. पण शाडूही आमची नाही, ती गुजरातेतून गोण्यांत येते, गाडीभाडे वाढले की महाग होते, आणि रस्त्यातल्या एका खड्ड्याने टेम्पोतल्या दहा मूर्तींच्या सोंडा जातात, कितीही पेंढा घाला. प्लास्टरवर पोट असलेल्या माणसाला एका हुकमाने शाडूकार होता येत नाही. माती हाताला कळायला सासऱ्यांना चार वर्षे लागली होती.

त्या चार महिन्यांत गावातली सहा-सात पोरे आमच्या पडवीत येऊन बसली. माझ्या दिराचा मुलगा त्यांत पुढे. वर्षाला हजारो मूर्ती ओतणारा हा पोरगा, पण मातीची पोळी साच्यात दाबताना अंगठ्याचा जोर कुठे किती द्यायचा हे त्याला माहीत नव्हते. पहिल्या आठवड्यात त्याच्या सगळ्या मूर्ती पोटात तडकल्या. हौदातले रंगाचे डबे आम्ही बाहेर काढले, हौद घासला आणि पाणी भरले. गढूळ पाणी ओतू नको, हे मी त्याला सांगितले. तुकडे आधी वाळू दे, हेही.

मग एका दुपारी तो म्हणाला, “काकू, आज्याचा साचा काढू का?” सासऱ्यांचा तो सात तुकड्यांचा साचा माळ्यावर पोत्यात बांधलेला होता. २००५च्या पाण्यात तो वाचला, कारण तो आधीपासून वर होता. तुकड्यांच्या पाठीवर त्यांनी खिळ्याने आकडे कोरले होते, ते आता दिसत नाहीत. कुठला तुकडा आधी बसतो ते मला आठवेना. सासऱ्यांच्या हातांकडे मी इतकी वर्षे पाहिले होते, पण नेहमी आखणीच्या पाटावरून, समोरून. साचा त्यांच्या बाजूने कसा दिसतो ते मी पाहिलेच नव्हते. पहिल्यांदा लावला तर पोटाच्या जोडातून माती बाहेर आली. दुसऱ्यांदा सोंड धडाला चिकटून आली आणि साचा उघडताना अर्धी तुटली. दोन्ही वेळा आम्ही माती सुपात काढून वाळत ठेवली. तिसऱ्या वेळी पाठीचा तुकडा आधी आणि कानांचे शेवटी घेतले. पोराने सुतळी सोडली, तुकडे एकेक करून बाजूला केले. मूर्ती उभी राहिली, डाव्या कानाला केसाएवढी चीर होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी बोट ओले करून चिरेवरून फिरवले आणि त्याला दिवा जवळ आणायला सांगितले.